पाय तोच, हिशेब वेगळा

नागपूरच्या धंतोलीत अपघाताचा रुग्ण दाखल झाला की दोन फाइली सुरू होतात. एक हॉस्पिटलची, ती सगळ्यांना दिसते. दुसरी नुकसानभरपाईच्या दाव्याची. ती अजून कोणी उघडलेलीही नसते, पण तिच्यात लागणारे कागद पहिल्याच रात्रीपासून तयार होऊ लागतात. सीताबर्डीच्या दक्षिणेला, वर्धा रोडला लागून असलेली ही जुनी, एकेकाळची शांत वस्ती. बंगल्यांच्या जागी हॉस्पिटलं उभी राहत गेली आणि शेवटी इथल्या गर्दीचा, पार्किंगचा प्रश्न रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. विदर्भातून तर रुग्ण येतातच, छिंदवाडा, बालाघाट, बैतूलकडूनही येतात. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी विषय निघतो: क्लेम किती मिळेल? आणि तिथे बसलेला कोणीतरी जाणता सांगून टाकतो, की डॉक्टर जेवढे टक्के लिहितील तेवढं मिळतं.

हे उत्तर चुकीचं आहे आणि महागात पडणारं आहे. डॉक्टरांचे टक्के शरीराचे असतात. न्यायाधिकरण जे टक्के शोधतं ते कमाईचे असतात. दोन्ही आकडे क्वचितच सारखे निघतात.

आधी पाया पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. नागपुरात हे काम सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात चालतं. जखमी तो अर्जदार. वाहनमालक, चालक आणि विमा कंपनी हे गैरअर्जदार. कलम १६८ न्यायाधिकरणाला ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई ठरवायला सांगतं आणि तेवढ्यावर थांबतं. या एका शब्दात किती रक्कम बसते, हे गेल्या तीसेक वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने निकालामागून निकाल देत ठरवत आणलं आहे. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त देणं न्याय्य असेल तर तेही देता येतं, हे २००३ च्या नागप्पा प्रकरणात स्पष्ट झालं. त्याच निकालात दुसरीही गोष्ट आहे, आणि ती दाव्याच्या प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावी लागते: निवाडा एकदाच होतो. पाच वर्षांनी पायात पुन्हा पू झाला, कृत्रिम पाय बदलावा लागला, म्हणून मागे येऊन वाढ मागता येत नाही. पुढच्या सगळ्या आयुष्याचा अंदाज आजच बांधून घ्यावा लागतो.

१९९५ च्या हट्टंगडी प्रकरणात, कमरेखाली लुळ्या पडलेल्या एका वकिलाच्या दाव्यात, न्यायालयाने भरपाईचे दोन भाग पाडले. पैशात मोजता येणारं नुकसान एका बाजूला, न मोजता येणारं दुसऱ्या बाजूला. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने त्याची नीट सदरं लावून दिली. उपचार, औषधं, प्रवास, आहार यांचा खर्च; उपचारकाळात बुडालेली कमाई; पुढच्या कमाईतली घट; पुढचा वैद्यकीय खर्च. मग वेदना, जगण्यातल्या साध्या गोष्टींना मुकणं, आयुष्य घटणं. जखम किरकोळ असेल तर यातली थोडीच सदरं लागू होतात. कायमचं अपंगत्व आलं असेल तर बहुतेक सगळी उघडावी लागतात.

उपचाराचा खर्च हे सगळ्यात सरळ सदर, म्हणजे कागद असतील तर. नातेवाईक हॉस्पिटलचं मोठं बिल जपून ठेवतात आणि खालच्या मेडिकल स्टोअरच्या पावत्या पिशवीत चुरगळतात. उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील विचारतो ते हेच: हे औषध कोणाच्या चिठ्ठीवर घेतलं, तारीख भरतीच्या काळातली आहे का, पावतीवर नाव कोणाचं. अॅम्ब्युलन्सची पावती, फिजिओथेरपीची, घरी भाड्याने आणलेल्या पलंगाची, बालाघाटहून तपासणीला येण्याजाण्याच्या गाडीची, सगळ्या ठेवाव्यात. बिल मेडिक्लेममधून भागलं असेल तर विमा कंपन्या म्हणत, मग खर्च झालाच कुठे? हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये मिटवला: मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत. ते माणसाने स्वतः हप्ते भरून मिळवलेले असतात, अपघात करणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

आता टक्क्यांकडे येऊ, कारण सगळा दावा इथे फिरतो.

अपंगत्वाचा दाखला एखाद्या अवयवापुरता असू शकतो किंवा पूर्ण शरीराचा. ‘उजव्या पायाचं ४५ टक्के’ म्हणजे माणसाचं ४५ टक्के नव्हे. पूर्ण शरीराच्या मानाने तो आकडा बराच खाली येतो. पण तोही अंतिम नाही. राजकुमार निकाल न्यायाधिकरणाला तीन पायऱ्या चढायला लावतो. या माणसाला आता कोणती कामं करता येतात आणि कोणती नाहीत? अपघाताआधी तो काय करत होता, आणि त्याचं वय काय? आणि मग, तो कमावण्यातून पूर्ण उठला आहे, जुनंच काम रेटत करू शकतो, की दुसरं हलकं काम करून थोडं मिळवू शकतो? न्यायालयाने उदाहरण दिलं ते डाव्या हाताचं. हात तुटल्याचं अपंगत्व समजा ६० टक्के. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची ताकद जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कार्यालयातला कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल, तर कमाईच्या नुकसानीपोटी कदाचित काहीच द्यायला नको. मात्र हात गमावल्याने जे जगणं हरवलं त्याची भरपाई वेगळी.

प्रत्यक्षात हे दोन्ही दिशांना घडलेलं आहे. राजकुमार स्वतः पनीर विकणारा. त्याच्या पायाच्या ४५ टक्के दाखल्यावरून न्यायालयाने कमाईतली घट २० टक्के धरली. उलट २०१४ च्या सय्यद सादिक प्रकरणात पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याची घट ८५ टक्के मानली गेली, कारण भाजी विकायची तर फिरावं लागतं, ओझं उचलावं लागतं. पप्पू देव यादव प्रकरणात, २०२० साली, उजवा हात गमावलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरचं अपंगत्व दाखल्यावर ८९ टक्के होतं. उच्च न्यायालयाने ते ४५ वर आणलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ६५ धरलं. ज्याचं पोट दोन हातांच्या टायपिंगवर चालतं त्याच्या हाताचा विचार त्या कामाच्याच अंगाने करायचा, असा त्याचा अर्थ.

आकड्यांत पाहू या. समजा, काटोलकडचा ३२ वर्षांचा ट्रकड्रायव्हर आहे. महिना १५,००० रुपये मिळवतो. उजव्या पायाचा घोटा कायमचा आखडला आहे.

पहिली पायरी उत्पन्नाची. त्यात भविष्यात होणारी वाढ मिळवायची. तिचे दर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने ठरवून दिले: कायम नोकरी असेल तर वय ४० च्या आत ५० टक्के, ४० ते ५० मध्ये ३०, ५० ते ६० मध्ये १५. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर तेच अनुक्रमे ४०, २५ आणि १०. निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता, पण पुढे जखमींच्या दाव्यांतही ही वाढ द्यायची हे पक्कं झालं. आपल्या ड्रायव्हरला ४० टक्के, म्हणजे महिना २१,००० आणि वर्षाला २,५२,०००.

दुसरी पायरी गुणकाची, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणायचं त्याची. २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता आज सगळीकडे चालतो. २५ वर्षांपर्यंत १८, मग २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३. तिथून उतार मोठा होतो, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५. बत्तीस वर्षांच्या माणसाने साठीपर्यंत २८ वर्षं कमावलं असतं, मग गुणक १६ का, हे सगळेच विचारतात. कारण पुढची सगळी कमाई आज एकरकमी हातात येते आणि तिच्यावर व्याज मिळतं. शिवाय माणसाने तेवढी वर्षं अखंड कमावलंच असतं याचीही खात्री नसते. मृत्यूच्या दाव्यात मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश किंवा तत्सम वजावट होते. जखमीच्या दाव्यात ती करायची नाही. तो जिवंत आहे, त्याला खायला लागतंच.

२,५२,००० गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००. ही झाली शंभर टक्के घट. घट २० टक्के धरली तर ८,०६,४०० रुपये येतात. हा माणूस ब्रेक नीट दाबू शकत नाही, त्याला पुन्हा जड वाहन चालवता येणार नाही, त्याच्याजवळ दुसरं शिक्षण नाही, हे सिद्ध झालं आणि घट ८० टक्के मानली गेली, तर ३२,२५,६००. घोटा एकच, दाखलाही एकच, फरक २४,१९,२०० रुपयांचा. हा फरक एक्स-रेमध्ये दिसत नाही. तो साक्षीतून उभा करावा लागतो.

म्हणून डॉक्टरांची साक्ष. नुसता दाखला फाइलीला जोडला की झालं असं समजणारे अर्जदार, आणि कधी कधी त्यांचे वकीलही, इथे अडकतात. उपचार करणाऱ्या किंवा तपासून अपंगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरांनी येऊन ते सिद्ध करावं लागतं, मग त्या कागदाला निशाणी क्रमांक पडतो. विमा कंपनीचा वकील विचारणार: हे टक्के पायाचे की शरीराचे? कोणत्या पद्धतीने मोजले? रुग्णाला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? नागपुरात लोक दाखल्यासाठी ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलांत, जातात. ऑपरेशन धंतोलीत झालेलं, दाखला तिसऱ्याच डॉक्टरांचा, मग साक्ष कोणाची, हा पेच नेहमीचा. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात; त्यांनाही दिवसभर बाकावर बसवून तारीख दिली जाते, त्यात त्यांची फारशी चूक नाही. राजकुमार निकालाने न्यायाधिकरणांना सांगितलं आहे की डॉक्टरांसाठी वेळ ठरवून द्यावी, गरज पडल्यास आयुक्त नेमून साक्ष घ्यावी. रुग्णाने करायचं ते एवढंच, की डिस्चार्जनंतरही तपासण्या चुकवू नयेत आणि डॉक्टरांना आपलं काम काय होतं ते नेमकं सांगावं. ‘चालताना त्रास’ या नोंदीपेक्षा ‘क्लच-ब्रेक दाबता येत नाही, जिना चढता येत नाही, मांडी घालून बसता येत नाही’ ही नोंद साक्षीच्या वेळी फार उपयोगाची ठरते.

उत्पन्नाचा पुरावाही असाच. आयकर विवरण असलेला माणूस सुखी. पानठेलेवाला, मिस्त्री, संत्र्याच्या बागेत हंगामी काम करणारा काय दाखवणार? तिथे किमान वेतनाचे दर आधाराला येतात, पण ते शेवटचा शब्द नाहीत. कागद नाही म्हणून माणूस किमान वेतनच मिळवत होता असं धरायचं नाही, थोडा अंदाज बांधायचा, हे न्यायालयाने अनेकदा बजावलं आहे. घरकाम करणाऱ्या गृहिणीचं उत्पन्न शून्य धरणं तर आता चालतच नाही. २०२१ च्या कीर्ती निकालात तिच्या कामाचं आर्थिक मोल मान्य करण्यावर सविस्तर लिहिलेलं आहे.

सगळ्यात जड प्रकरणं मेंदूला किंवा मणक्याला मार लागलेल्यांची. तिथे कमाईपेक्षा सांभाळ महाग पडतो. २०२० च्या काजल प्रकरणात मुलगी बारा वर्षांची होती आणि तिची बुद्धी कायमची खुंटली होती. कमाई शून्य, म्हणून पूर्वी अशा मुलांना ढोबळ रक्कम देऊन वाटेला लावत. न्यायालयाने तिने पुढे कुशल कामगाराइतकं कमावलं असतं असं धरलं, किमान वेतनात ४० टक्के वाढ मिळवली आणि १८ ने गुणलं. ते झाले साडेचौदा लाखांच्या वर. मग सांभाळणाऱ्यांचा खर्च: प्रत्येकी महिना ५,००० प्रमाणे दोन माणसं, पुन्हा १८ ने गुणून २१,६०,०००. वेदनेपोटी १५ लाख. सगळं मिळून ६२,२७,०००. यातली खरी महत्त्वाची गोष्ट रकमेची नाही. सांभाळणाऱ्याच्या खर्चालाही गुणक लावायचा, कारण तो खर्च आयुष्यभर चालणार, हे तिथे ठामपणे सांगितलं गेलं. आपल्याकडे हे काम आई किंवा बायको करते आणि कोणी त्याचा हिशेब मांडत नाही. अर्जात तो मांडावा.

वेदनेच्या आणि हरवलेल्या जगण्याच्या सदरांना तक्ता नाही. किती ऑपरेशनं झाली, किती दिवस भरती होती, वय काय, लग्न व्हायचं आहे का, पुढेही दुखत राहणार का, हे पाहून रक्कम ठरते. सारख्या जखमांना वेगवेगळ्या न्यायाधिकरणांत बराच वेगळा आकडा पडतो. हा या पद्धतीतला मला सगळ्यात कच्चा भाग वाटतो.

मग कात्री. अर्जदाराचीही चूक असेल तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम घटते. दुचाकीवर ट्रिपल सीट होते म्हणून आपोआप कपात करता येत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं २०२० च्या मोहम्मद सिद्दिक निकालात म्हटलं आहे. धडक देणाराच सापडला नाही तर कलम १६१ खालची योजना आहे, पण तिच्यात गंभीर जखमीला फक्त ५०,००० मिळतात. कोणाची चूक हे सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नसेल तर कलम १६४ खाली गंभीर इजेसाठी अडीच लाख. घाईने तो मार्ग धरण्याआधी वरचा ड्रायव्हरचा हिशेब आठवावा.

ड्रायव्हर मालकाच्या कामावर असताना जखमी झाला, तर दुसरा रस्ताही आहे: कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिथे कोणाची चूक हा प्रश्नच नाही. पूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. ३२ व्या वर्षी तो २०३.८५. १९२३ च्या कायद्यात पगाराची कमाल मर्यादा १५,००० धरली जाई. म्हणजे ९,००० गुणिले २०३.८५, बरोबर १८,३४,६५० रुपये. भविष्यातली वाढ नाही, वेदनेचं सदर नाही. तिकडे याच माणसाची शंभर टक्के घट ४० लाखांच्या पुढे जात होती. पण ट्रक त्याच्या स्वतःच्याच चुकीने उलटला असेल तर १६६ खाली हातात काही लागणार नाही, आणि हा रस्ता मात्र देईल. दोन्ही दारं उघडी असतील तर कलम १६७ प्रमाणे एकच निवडावं लागतं.

मुदतीकडे लक्ष हवं. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. अर्ज कुठे करायचा? अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा गैरअर्जदार असेल तिथे. धंतोलीत उपचार झाले एवढ्यावरून छिंदवाड्याच्या माणसाला नागपुरात दावा लावता येत नाही. मात्र विमा कंपनीचं कार्यालय नागपुरात असेल तर मालती सरदार या २०१६ च्या निकालाचा आधार मिळतो.

बरेच दावे लोकअदालतीत मिटतात. त्यात वाईट काही नाही, पैसे लवकर हातात येतात आणि अपील टळतं. पण कंपनीचा अधिकारी एक आकडा सांगतो तेव्हा त्याने घट किती टक्के धरली, वाढ मिळवली का, गुणक कोणता लावला, हे विचारावं. दहा मिनिटांत कागदावर मांडता येण्याजोगा हा हिशेब आहे आणि समोरच्याने तो घरून करून आणलेला असतो.

निवाडा झाला की रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज चढतं, बहुधा साडेसात ते नऊ टक्के साधं. कंपनीने ३० दिवसांत पैसे जमा करायचे, किंवा ९० दिवसांत खंडपीठाकडे अपील करायचं. मोठी रक्कम सरसकट हातात देत नाहीत. १९९४ च्या सुसम्मा थॉमस निकालापासून बराचसा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याची प्रथा आहे, म्हणजे भोळ्या माणसाचे पैसे कोणी उडवू नयेत. ही काळजी कधी कधी जाच होते. पायात रॉड बदलायचा असतो, घर गहाण असतं, आणि स्वतःचेच पैसे काढायला अर्ज आणि तारीख. २०१२ च्या ए. व्ही. पद्मा निकालाने सांगितलं आहे की ही अट यंत्रवत लावू नये. माणूस शिकलेला, समजदार आहे का आणि त्याची गरज काय, ते पाहावं. ठेव मोडण्याच्या अर्जाला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडलं आणि निकालाचा दाखला दिला, तर अर्ज सहसा अडत नाही.